चौदा घरची अंबाडी

पोलीस आले ते बूट काढून.

मोरेश्वर पिंपळखुटेला पहिला धक्का बसला तो गणवेशाचा नव्हे, मोज्यांचा. शनिवारची सकाळ, सव्वानऊ वाजलेले. टोकियोजवळच्या इचिकावातल्या त्या सातमजली इमारतीत पाचव्या मजल्यावरचं दार उघडलं तर समोर दोन पोलीस. एक चष्मेवाला पन्नाशीचा, दुसरा अगदी कोवळा, कानाच्या पाळ्या लाल झालेला. दोघांनी कमरेत वाकून "अडचण करतोय, माफ करा" म्हटलं, बूट काढले, टोकं दाराकडे वळवून जोडीने लावून ठेवले आणि पांढऱ्याशुभ्र मोज्यांनी थेट बाल्कनीकडे निघाले. पकडायला आलेली माणसं इतकी नीट बूट लावतात? मोरेश्वरच्या हातात पोह्यांचा चमचा होता. तो त्याने पुढचा तासभर खाली ठेवला नाही, आणि तोंडातला घास गिळला की नाही हे त्याला आजतागायत सांगता येत नाही.

बाल्कनीत आठ कुंड्या. आठांत आठ रोपं, कमरेपासून छातीपर्यंत उंचीची, लालसर देठांची. कोवळ्या पोलिसाने पिशवीतून एक चित्र काढून पानाशेजारी धरलं. पानाला पाच बोटं, चित्राला सात. दोघांच्याही कडा करवतीसारख्या.

"पिम्पारुकुते-सान," चष्मेवाला हळुवारपणे म्हणाला, "हे काय आहे?"

"भाजी," मोरेश्वर म्हणाला.

"भाजी." चष्मेवाल्याने वहीत लिहिलं. "खाता?"

"खातो ना. लसणाची फोडणी देऊन."

कोवळ्याचं पेन थांबलं.

आता यात मोरेश्वरचं चुकलं कुठे, तर कुठेच नाही. अंबाडीचं पान गांजाच्या पानासारखं दिसतं हे अकोल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण गाढवाला कुणी घोडा समजेल आणि चौकशीला येईल, असं कुंभाराला कधी वाटतं का? अंबाडी म्हणजे अंबाडी. पृथ्वीवर ती न ओळखणारी माणसं आहेत, आणि ती बंदूक बाळगून हिंडतात, हा त्याला दुसरा धक्का.

तर ही अंबाडी साधीसुधी नव्हती. मोरेश्वर २०१२ साली जपानात आला. आदल्या वर्षीच्या भूकंपानंतर निम्मे परदेशी सामान बांधून गेलेले, मुंबईच्या बँकेला टोकियोच्या शाखेत कॉम्प्युटर सांभाळायला कुणी मिळेना. तेव्हा हा गडी "मला चालेल" म्हणून उभा राहिला. कुणीच जाईना अशा ठिकाणी जाणं आणि कुणीच करीना असलं काम एक्सेलच्या तक्त्यात बसवणं, हे त्याचे दोन गुण. कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा याचा त्याचा तक्ता आहे. घरातल्या छत्र्यांचा आहे. लग्न छत्तिसाव्या वर्षी झालं, त्याआधी पाहिलेल्या मुलींचाही होता म्हणतात. तो बायकोने, चारुताने, नष्ट केला.

येताना त्याच्या आईने खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत अंबाडीचं बी भरून दिलं. बाजारात मिळतं ते दोरखंडाचं, उंच वाढणारं, चवीला मचूळ. आईचं बी तिच्या सासूकडून आलेलं: देठ लाल, पान आंबट, इतकं की वास आला तरी दाताला झिणझिण्या. पुढच्याच वर्षी आई गेली. भावाने परसात पेव्हर ब्लॉक बसवले, वर मोटारसायकल लावली. म्हणजे ती अंबाडी जगात उरली कुठे, तर त्या बाटलीत.

आणि जपानात ती फुलेना. पाला यायचा भरभरून. पण अंबाडीला फुलायला रात्र लांबावी लागते. इथे रात्र पुरती लांबेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो, मग वादळं, मग आठ-आठ दिवस भिजट पाऊस, मग थंडी. कळ्या धरायच्या आणि काळ्या पडून गळायच्या. तीन वर्षं एकही बी हाती लागलं नाही. बाटलीतलं बी तर दर वर्षी म्हातारं होत होतं. २०१६ च्या मार्चमध्ये बाटली उलटी केली तर तीस दाणे निघाले. यंदा बी धरलं तर धरलं, नाही तर आईच्या अंबाडीला रामराम.

थंड, ओल्या हवेत अंबाडी फुलवायची कशी हे जगात कुणी लिहून ठेवलेलं नाही, कारण ती वेळ मोरेश्वरखेरीज कुणावर आलेलीच नाही. लिहून ठेवलंय ते गांजावाल्यांनी. थंड देशांतली ही मंडळी उघड्यावर गांजा लावतात आणि त्यावर इतकं लिहितात, इतकं लिहितात, की बँकेच्या ऑडिटरांनी हात जोडावेत. दारूला न शिवणारा, सुपारीनेही घाम फुटणारा मोरेश्वर लोकलमध्ये उभ्या-उभ्या ते सगळं वाचू लागला. गांजाही रात्र मोजतो, अंबाडीसारखाच. पण त्यात काही जाती अशा, की दिवस-रात्रीकडे बघतच नाहीत; वय झालं की आपोआप फुलतात. त्यांच्यात म्हणे पार उत्तरेकडच्या रानटी, बुटक्या गांजाचं रक्त. तिकडे उन्हाळाच दोन बोटांचा, तो सूर्याची वाट कशाला बघेल? तर थंड मुलखात जात निवडायची ती अशी: आपोआप फुलणारी, बेताच्या उंचीची, बीपासून बीपर्यंत झटपट जाणारी. आणि हवा ओली असेल तर फुलोरा मोकळा हवा. गच्च गेंद आतून कुजतो, बाहेरून कळतही नाही.

मोरेश्वरकडे निवडायला जाती नव्हत्या, तीस दाणे होते. पण तीस दाणे म्हणजे तीस स्वभाव. त्यातला एखादा तरी आपोआप फुलणारा निघेल, तोच धरायचा. झालं, तक्ता तयार. नाव दिलं, "ऑटोफ्लॉवर, कोल्ड-वेट, व्हर्जन सात". रकाने: पेरणी, पहिली कळी, ओल, बुरशी, थंडी. संदर्भासाठी त्या संकेतस्थळाचं पान रंगीत छापलं, वर हिरवं सातबोटी पान ठळक, आणि दोन्ही कागद चुंबकाने फ्रिजवर.

तीसपैकी बावीस उगवली. मोरेश्वरने एकेकाला कागदी पेल्यात लावलं, पेल्यांवर आकडे घातले.

एप्रिलमध्ये चारुताचं चैत्रातलं हळदीकुंकू होतं. पन्हं, आंब्याची डाळ, इमारतीतल्याच तेरा बायका, आणि चौदावी तळमजल्यावरची तामुरा-सान. या तामुराबाई सत्त्याहत्तर वर्षांच्या, इमारतीच्या कचरा-समितीच्या प्रमुख. चुकीच्या पिशवीत एक दहीवाडगा सापडला तरी पिशवीवर लाल चिठ्ठी डकवून ती परत तुमच्या दारात ठेवणाऱ्या. त्यांना बोलावलं ते शेजारधर्म म्हणून नव्हे, तहासाठी. त्यांनी कपाळावर कुंकू लावून घेतलं, आरशात पाहिलं, आणि जखमेवर धरतात तसं बोट धरून बसल्या.

मोरेश्वर ऑफिसातून आला तर खिडकीत आठ पेले.

"बाकीचे कुठे आहेत?"

"वाणात दिले," चारुता ताट आवरता आवरता म्हणाली. "दर वेळी काय ते स्टीलचे चमचे! चैत्राली म्हणाली, किती छान कल्पना, इको-फ्रेंडली."

"चौदा?"

"सव्वाशे असल्यासारखा काय ओरडतोस? आठ आहेत की तुला."

"काहून दिले?" मोरेश्वरला जबर धक्का बसला की त्याची भाषा थेट अकोल्याला जाते. "बापा, आईचं शेवटचं बी होतं ते! चौदा स्वभाव गेले माझे!"

"हे बघ," पुण्याची चारुता म्हणाली, "एका आंबट गवतासाठी मी चौदा बायकांकडे जाऊन कुंकू परत मागायचं का?"

मागता येईना. वाण परत मागितल्याचं कुणी ऐकलंय? मोरेश्वर आठ दिवस चारुताशी जपानीत बोलला.

तामुराबाईंनी दुसऱ्याच दिवशी परतभेट म्हणून खारवलेल्या आलुबुखारांची बरणी दारात आणून ठेवली. बाकीच्या तेरांचं जे व्हायचं तेच झालं. कुणाचं रोप पाणी जास्त होऊन गेलं, कुणाचं गावाला गेल्यावर वाळलं, चैत्रालीने ते कोथिंबीर समजून कोशिंबिरीत घातलं. मोरेश्वरने चौदावीचं न विचारताच चौदाच्या चौदा ओळी तक्त्यात राखाडी करून टाकल्या.

आणि मग ऑगस्टच्या अखेरीला, दिवस अजून चांगले तेरा तासांचे असताना, पेला क्रमांक सहाच्या रोपाला कळी आली. आपोआप. सकाळी उघडलं तेव्हा फिकट पिवळं फूल, मध्ये गडद लाल ठिपका. मोरेश्वर पायजम्यावर त्याच्यासमोर उभा राहिला आणि "आई," म्हणाला. चारुताने ऐकलं आणि मुकाट्याने चहा टाकला. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सहा नंबरला चार हिरवी बोंडं धरली. पिकायला अजून तीन आठवडे हवे होते. तो रोज ऑफिसला जाण्यापूर्वी त्यांच्यावर छत्री बांधायचा. छत्र्यांच्या तक्त्यात तशी नोंदही आहे.

आणि आता त्या छत्रीखाली चष्मेवाला पोलीस वाकून बघत होता.

"याला फुलोरा आहे," तो कोवळ्याला म्हणाला. आवाजातली हळुवारी गेली होती.

कोवळा एव्हाना पाणी मागायला स्वयंपाकघरात गेला होता, आणि फ्रिजसमोर खिळून उभा होता. फ्रिजवर हिरवं सातबोटी पान. खाली इंग्रजीत, थंड व ओल्या हवेसाठी आपोआप फुलणाऱ्या गांजाच्या जाती कशा निवडाव्यात. शेजारी तक्ता, व्हर्जन सात. त्याने फोटो काढला, वाकून पुन्हा काढला, आणि पाणी न पिताच परत आला.

"पिम्पारुकुते-सान, हा कागद आपला?"

"हो, पण तो... तुलनेसाठी आहे."

"कशाशी तुलना?"

"भाजीशी!"

हे जपानीत सांगताना मोरेश्वरने चमचा हलवला, तसा कोवळा अर्धं पाऊल मागे सरकला.

तेवढ्यात जुई खोलीतून आली. वय दहा, जन्म मुंबईचा, बाकी सगळी इचिकावाची. तिने पोलिसांना वाकून नमस्कार केला आणि चष्मेवाल्याला ओळख दिल्यासारखं जपानीत म्हणाली, "गुरुवारी आमच्या शाळेत तुम्हीच आला होतात ना?"

गुरुवारी शाळेत अमली पदार्थांवर वर्ग झाला होता. या काकांनी पानाचं चित्र दाखवून विचारलं होतं, असं पान कुणी पाहिलंय का. जपानी वर्गात कुणी हात वर करत नाही. जुईने केला. म्हणाली, आमच्या घरी आहे, बाबा रोज त्याच्याशी बोलतात.

"जुई!" चारुता भिंतीला टेकली. "अगं, तुला अंबाडी माहीत नाही?"

"भाजी माहितीये," जुई म्हणाली. "पान बघून विचारलं, तर मी खरं सांगितलं. खोटं बोलायचं होतं का?"

चष्मेवाल्याने विचारलं, "इथे आठ आहेत. एवढीच?"

मोरेश्वर "हो" म्हणणार, तोच जुईने त्याच खरेपणाने सांगितलं, "नाही. मामाने चौदा घरी वाटली." मामा म्हणजे जपानीत आई, पण या घडीला खरा मामा असता तरी पोलिसांना चालला असता. चष्मेवाल्याने वहीचं नवं पान उघडलं. वर लिहिलं: वाटप. चौदा.

तिथून पुढचा तास इमारत विसरणार नाही. पोलीस मजल्यामागून मजला हिंडले. दर दारात बूट काढले, बूट घातले. चैत्रालीने "मी खाल्लं" असं प्रामाणिकपणे सांगितलं तेव्हा कोवळ्याने तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या तपासल्या. ती जिन्यातून ओरडली, "भावजी, गांजा लावलात तो लावलात, वर हळदीकुंकू लावून वाटलात! आता काय, संक्रांतीला अफू?"

मोरेश्वरला हसू येईना. मनात एकच विचार: आईची बोंडं. व्हिसा, नोकरी, चारित्र्य हे सगळं त्याला नंतर आठवलं, आणि आठवलं तेव्हा स्वतःचीच लाज वाटली.

तेरा घरी काही मिळालं नाही. शेवटी तळमजला. तामुराबाईंनी दार चार बोटं उघडलं. "रोप? नाही. मला कपाळाला लाल रंग तेवढा मिळाला," म्हणाल्या, आणि चष्मेवाल्याच्या हातातली रिकामी पाण्याची बाटली बघून पुढे, "झाकण वेगळ्या डब्यात टाका." दार बंद.

पोलीस पुन्हा वर आले. "तपासणीसाठी नमुना न्यावा लागेल," चष्मेवाला म्हणाला. मोरेश्वरने पहिली कुंडी पुढे केली, दुसरी केली, सातही पुढे केल्या. "या न्या. सगळ्या न्या."

"फुलोऱ्याचा नमुना लागतो," चष्मेवाला म्हणाला, आणि कात्रीने सहा नंबर बुडापासून कापलं.

चारही बोंडं. प्लॅस्टिकच्या पिशवीत. वर चिकटपट्टी, वर शिक्का.

मोरेश्वर खुर्चीवर बसला. त्याने चमचा खाली ठेवला. चारुताने इतक्या वर्षांत त्याचा चेहरा असा फक्त एकदा पाहिला होता, अकोल्याहून फोन आला त्या दिवशी. "मी चौदा दिले नसते तर..." ती म्हणाली आणि थांबली. तो काही बोलला नाही. जपानीतही नाही.

निकाल सोमवारी लागला. चष्मेवाला एकटाच आला, बूट काढले, आणि दारातच इतका खाली वाकला की मोरेश्वरला त्याच्या टाळूवरचं विरळ झालेलं दिसलं. ती वनस्पती भेंडीच्या कुळातली निघाली. शाळाशाळांतून पूर्वी मुलांकडून कागद बनवायला हीच लावून घेत असत. त्या कोवळ्यानेही लहानपणी शाळेत लावली होती, पण विसरला. फार मोठा त्रास दिला. आणि हे आपलं परत. पिशवीत सहा नंबर होतं. शनिवारपासून बंद, ओलं. बोंडांवर राखाडी लव चढली होती. मोरेश्वरने एक बोंड दाबलं. आत पांढरं, कोवळं, कुजलेलं पाणी.

"ठीक आहे," तो पोलिसाला म्हणाला. "तुमची चूक नाही." एवढं म्हणून दार लावलं आणि तक्ता फ्रिजवरून काढला.

दोन आठवड्यांनी, ऑक्टोबरच्या पहिल्याच शनिवारी, मोरेश्वर कचरा टाकायला खाली गेला. तामुराबाई तिथेच पिशव्या तपासत होत्या. इकडेतिकडे पाहून त्यांनी त्याची बाही धरली आणि त्याला घरात ओढलं. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, पकड लोखंडी. स्नानघराचं दार उघडलं, टबावरचं घडीचं झाकण गुंडाळलं. टबात, लाकडी पाटावर, कुंडी. कुंडीत गुडघाभर बुटकी, लालबुंद देठाची अंबाडी. बोंडं अकरा. पिकलेली, तपकिरी. एक तर तडकायला आलेलं.

टबाची कड धरून मोरेश्वर खाली बसला. तक्त्यातली राखाडी ओळ, चौदावी!

"पोलीस आले तेव्हापासून रोज दिवसा इथे ठेवते," तामुराबाई कुजबुजल्या. "सकाळी लवकर खिडकीत."

"पण तुम्ही त्यांना नाही म्हणालात!"

"मग? भेट मिळालेली वस्तू पोलिसाला द्यायची?"

"फूल कधी आलं याला?"

"ओबोनला, ऑगस्टात पितर घरी येतात तेव्हा. पहिलं फूल यजमानांच्या फोटोपुढे ठेवलं." मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "मला जूनमध्येच कळलं होतं हे काय आहे ते. टीव्हीवर पान पाहिलं. टाकून देणार होते. पण तोवर चार पानं मिसोच्या सारात घालून प्यायले होते."

"आणि?"

"भूकंपानंतर पाच वर्षं मला झोप नव्हती, पिम्पारुकुते-सान. जरा दिवा हलला की उठून बसायची. त्या रात्री झोपले ते थेट सकाळी सहाला जाग. मग रोजच घालते. रोज चार पानं." आणि कचरा-समितीच्या प्रमुखांनी, उभ्या आयुष्यात लाल सिग्नल न ओलांडलेल्या बाईंनी, त्याच्याकडे गुन्हेगाराने साथीदाराकडे बघावं तसं पाहिलं.

मोरेश्वरला या सबंध प्रकरणातला सर्वांत मोठा धक्का तो. पोलीस, पोरगी, कात्री, सगळे त्यापुढे फिके. "तामुरा-सान," तो कसाबसा म्हणाला, "हा गांजा नाही हो. नुसती आंबट भाजी आहे. पोलिसांनी तपासून पाहिली."

तामुराबाईंनी भुवया वर केल्या. दुखावल्या होत्या.

"तपासणी चुकली असेल," त्या म्हणाल्या.

मोरेश्वरने मान डोलावली. मग खिशातून रुमाल काढून टबात अंथरला, आणि अकरा बोंडं एकेक करून, बी सांडू न देता, त्यात खुडली. शेवटचं त्याच्या बोटांतच तडकलं. दाणे करडे, तिकोनी, बाटलीतल्या दाण्यांसारखेच.

तो बाटली आणायला वर पळणार, तोच तामुराबाई दारात आडव्या झाल्या.

"पुढच्या वर्षीच्या लाल टिळ्याला मला बोलवा," त्या म्हणाल्या. "रोपं दोन द्या. आणि मुलीला कळू देऊ नका. ती सांगून टाकते."